हातातला हॅम रेडिओ पुरात, वादळात खरंच कामी यावा म्हणून काय काय करायचं

पावसाळा तोंडावर आला की ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, ते वॉकीटॉकी घेऊन ठेवू का, मोबाइल बंद पडले तर घरच्यांशी बोलता येईल ना? येईल. पण नुसता सेट घेऊन कपाटात ठेवलात तर नाही येणार, आणि हे मी आधीच सांगतो कारण बहुतेक लोक सेटवर पैसे घालतात आणि तिथेच थांबतात. समोर ऐकणारा माणूस कोण, तो किती वाजता ऐकणार, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर ऐकणार, आणि तुमच्या घरातून त्याच्यापर्यंत आवाज पोचतो का हे चांगल्या दिवशी तपासलंय का, या चार गोष्टी नसतील तर तो सेट म्हणजे नुसता टॉर्च, कारण बऱ्याच सेटना टॉर्चही असतो.

मोबाइल जातात हे आपल्याकडे कोणाला पटवून द्यायची गरज नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा अर्धी मुंबई फोन लावत होती आणि लागत नव्हता. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात आलं, त्यानंतर रायगडातल्या कितीतरी गावांत लाइटही नव्हती आणि रेंजही नव्हती. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा मुंबई-पुण्यात बसलेली पोरं आईवडिलांचा फोन लागेना म्हणून रात्रभर जागी होती. याचं कारण साधं आहे, टॉवरला लाइट लागते, लाइट गेली की तो बॅटरीवर काही तास चालतो, मग जनरेटरला डिझेल लागतं आणि डिझेल न्यायचा रस्ता पाण्याखाली असतो, आणि हे सगळं नीट असलं तरी फायबर तुटलेली असू शकते किंवा एकाच वेळी सगळे फोन लावायला लागल्यामुळे टॉवर भरून जातो. हॅम रेडिओत, म्हणजे परवाना काढून हौसेने चालवायच्या रेडिओत, मधे हे काहीच नाही, माझा सेट थेट तुमच्या सेटशी बोलतो. तो चालवणाऱ्यालाही हॅमच म्हणतात.

मात्र हातातल्या सेटकडून काय अपेक्षा ठेवायची ते आधी स्पष्ट करून घेऊ. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांची टीम हॅम रेडिओच्याच मोहिमेवर पोर्ट ब्लेअरला होती, २६ तारखेला त्सुनामी आली, आणि अंदमानचे निरोप मुख्य भूमीवर पोचवायचं काम त्यांच्या रेडिओने केलं. पण असं शेकडो-हजारो किलोमीटरचं काम एचएफच्या, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीच्या, लांबवर जाणाऱ्या लहरींच्या, टेबलावरच्या सेटचं आणि लांबलचक वायर अँटेनाचं असतं. हातातला सेट व्हीएचएफ-यूएचएफवर, म्हणजे त्याहून जास्त फ्रिक्वेन्सीवर चालतो, त्याचं काम शेवटच्या काही किलोमीटरचं. गल्लीतून शाळेतल्या निवारा केंद्रात, सोसायटीतून तालुक्याच्या ठिकाणी, वाडीतून ग्रामपंचायतीत. पुरात हेच काही किलोमीटर सगळ्यात अवघड असतात म्हणून त्याला किंमत आहे.

आधी परवाना

इथे पळवाट शोधू नका. भारतात हॅम सेट बाळगायला आणि वापरायला परवाना लागतो, तो दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून मिळतो, अर्ज सरल संचार पोर्टलवरून ऑनलाइन करायचा आणि आधी परीक्षा द्यायची. वयाची अट किमान १२ वर्षं आहे, म्हणजे सातवी-आठवीतलं पोरगंसुद्धा देऊ शकतं आणि देतातही. दोन ग्रेड आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. हातातल्या सेटपुरतं बघायचं तर रिस्ट्रिक्टेड पुरे, त्यात मोर्सची परीक्षा नाही, थोडा विद्युत आणि रेडिओचा अभ्यास आणि थोडे नियम. बारावी सायन्सचं ज्याला आठवतंय त्याला जड जाणार नाही, ज्याला नाही आठवत त्याने ओहमच्या नियमापासून सुरुवात करून महिनाभर रोज थोडा थोडा वेळ दिला तरी होतं. रिस्ट्रिक्टेडवाल्यांचा कॉलसाइन, म्हणजे परवान्याबरोबर मिळणारं रेडिओवरचं नाव, व्हीयू३ ने सुरू होतो, जनरलवाल्यांचा व्हीयू२ ने. राजीव गांधी व्हीयू२आरजी होते हे जुने हॅम अजून अभिमानाने सांगतात.

परीक्षा आणि परवाना यात वेळ जातो, कधी बराच जातो, त्यामुळे जूनमध्ये जाग येऊन उपयोग नाही. दिवाळीनंतर सुरू करा म्हणजे पुढच्या पावसाळ्याला हाताशी असेल. आणि जमलं तर एकट्याने देऊ नका, नवराबायको दोघांनी द्या, किंवा सोसायटीतल्या, वाडीतल्या तिघाचौघांनी मिळून द्या. एका गावात एकच हॅम असला तर तो बोलणार कोणाशी?

ज्यांना परीक्षा द्यायचीच नाही त्यांच्यासाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे कमी ताकदीचे, विनापरवाना वापरायचे सेट आहेत, अर्ध्या वॅटचे. सोसायटीच्या आवारात, ट्रेकला, बिल्डिंगच्या दोन विंगमध्ये चांगले चालतात. घेताना मान्यताप्राप्त आहेत ना ते बघून घ्या, २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन वॉकीटॉकी विक्रीवर मार्गदर्शक नियम आणले ते काय वाट्टेल ते विकलं जात होतं म्हणूनच. मला स्वतःला दोन्हीची सांगड सगळ्यात चांगली वाटते, म्हणजे सोसायटीत एक-दोन परवानाधारक हॅम बाहेरच्या जगाशी बोलायला आणि आतल्या आत निरोप द्यायला हे छोटे सेट. फक्त आपला हॅमचा सेट ४४६ वर लावून बोलू नका, तो त्या वापरासाठी मान्य झालेला नसतो.

सेट कसा निवडायचा

यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, मी थोडक्यात उरकतो. ५ वॅटचा, ड्युअल बँड, म्हणजे १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे आपले दोन्ही बँड असलेला, बॅटरी काढता येणारा, आणि तुमच्या भागातले बाकीचे हॅम जो वापरतात तोच. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, कारण तुमची बॅटरी संपली की शेजारच्याची लागते, चार्जर लागतो, आणि सेटिंग बिघडलं तर फोनवर नाही पण समोरासमोर कोणीतरी सांगू शकतं. बाओफेंग यूव्ही-५आर स्वस्त आहे म्हणून खूप जणांकडे दिसतो, येसू आणि आयकॉमचे महाग आहेत पण मजबूत आणि गर्दीच्या सिग्नलमध्ये जास्त स्वच्छ ऐकू येतात. वॉटरप्रूफ लिहिलेलं असेल तर बरं. काही घ्या, पण बिलासकट घ्या आणि परवान्याची झेरॉक्स सेटच्या पिशवीत कायम ठेवा, बंदोबस्तावरच्या पोलिसाने विचारलं तर दाखवायला.

आवाज कुठवर जातो

खोक्यावर १० किलोमीटर, १५ किलोमीटर लिहिलेलं असतं त्याकडे बघू नका. व्हीएचएफ साधारण नजरेच्या रेषेत जातो. अंदाज काढायचं एक सोपं गणित आहे, अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला ४.१२ ने गुणायचं, तेवढ्या किलोमीटरवर त्या अँटेनाचं क्षितिज. जमिनीवर उभं राहून दीड मीटरवर सेट धरला तर पाच किलोमीटर, समोरचाही तसाच उभा असेल तर दोघांचे मिळून दहा, आणि हे मोकळ्या सपाट मैदानात, मधे काही नसताना. शहरात सिमेंटच्या भिंती, लोखंड, काचा हे सगळं मधे आलं की रस्त्यावरून रस्त्यावर एक-दोन किलोमीटर मिळाले तरी चांगलं म्हणायचं. तोच माणूस आठव्या मजल्याच्या गच्चीवर, २५ मीटरवर गेला की एकट्याचंच क्षितिज वीस किलोमीटरवर जातं. आणि आजूबाजूपेक्षा ४०० मीटर उंच डोंगरावर गेला तर ऐंशीच्या वर.

म्हणजे वॅट वाढवण्यापेक्षा जिना चढणं फायद्याचं, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. १ वॅटचे ५ वॅट केल्याने जेवढा फरक पडत नाही तेवढा हॉलमधून गच्चीवर गेल्याने पडतो. गच्चीवर जाता येत नसेल तर समोरचा ज्या दिशेला आहे त्या बाजूच्या खिडकीत जा. स्वतः मधे येऊ नका, आपलं शरीर बराच सिग्नल खातं, त्यामुळे सेट कमरेला लावून लांब वायरच्या माइकवर बोलणाऱ्यापेक्षा तोंडासमोर उभा धरून बोलणाऱ्याचं लांबवर पोचतं. आवाज तुटत असेल तर जागेवरून एक-दोन पावलं सरका, व्हीएचएफची लाट दोन मीटरची असते आणि परावर्तनामुळे एका जागी मेलेला सिग्नल अर्ध्या मीटरवर जिवंत असतो. हे खोटं वाटत असेल तर पार्किंगमध्ये उभं राहून करून बघा.

कोकणात आणि घाटात गोष्ट वेगळी. चिपळूण, महाड, पोलादपूर ही गावं डोंगरांच्या वाटीत बसलीत, पलीकडच्या खोऱ्यात थेट आवाज जाणारच नाही, कितीही वॅट लावा. तिथे रिपीटर लागतो, म्हणजे डोंगरावर बसवलेला सेट जो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर मोठ्या ताकदीने पुन्हा बोलतो. तुमच्या भागात कुठला रिपीटर चालू आहे, त्याचा टोन काय (आवाजाबरोबर जाणारा बारीक सूर, तो असला तरच रिपीटर उघडतो), त्याला बॅटरी किंवा सोलर बॅकअप आहे का हे जवळच्या हॅम क्लबमध्ये विचारून घ्या. आणि रिपीटरही पडू शकतो हे गृहीत धरा, वीज पडून, वाऱ्याने, बॅटरी संपून. म्हणून रिपीटर नसताना काय करायचं ते वेगळं ठरवलेलं असावं. बहुतेक वेळा उपाय माणसाचाच असतो, म्हणजे खिंडीत किंवा टेकडीवर सुरक्षित जागी एक हॅम बसतो आणि इकडचं ऐकून तिकडे सांगतो. दरड कोसळायचा धोका असलेल्या उतारावर मात्र कोणालाही पाठवायचं नाही, निरोपापायी माणूस गमावायचा नाही.

पन्नास रुपयांची वायर

सेटबरोबर येणारी रबरी अँटेना सोयीची असते, कामाची कमी. दोन गोष्टी घरी करता येतात. पहिली एकदम सोपी, ४९ सेंटीमीटर इलेक्ट्रिकची मऊ वायर घ्या, एका टोकाला सोललेल्या तांब्याची छोटी रिंग करून ती अँटेना काढून तिच्या बुडाशी, धातूच्या बाहेरच्या कड्याला टेकेल अशी बसवा, वरून अँटेना परत घट्ट करा, वायर खाली लोंबू द्या. मधल्या पिनला ती अजिबात टेकता कामा नये. रबरी अँटेनाला जमिनीची जोड नसते ती या शेपटीने थोडीफार मिळते आणि काठावरचा सिग्नल बऱ्याचदा समजण्याइतका होतो.

दुसरी गोष्ट गच्चीवरची अँटेना. एसओ-२३९ नावाचा चौकोनी सॉकेट मिळतो, त्याच्या मधल्या पिनला ४९ सेंटीमीटरची जाड तांब्याची तार उभी सोल्डर करा, चार कोपऱ्यांच्या भोकांत तेवढ्याच किंवा किंचित लांब चार तारा बसवून ४५ अंशात खाली वाकवा, झाली अँटेना. पीव्हीसी पाइपावर चढवा आणि केबलने खाली सेटपर्यंत आणा. सेटच्या बाजूचं कनेक्टर वेगळं असतं, त्यासाठीचा जोड आठवणीने घ्या, सगळं तयार आणि शेवटचा छोटा जोड नाही असं नको. लावल्यावर एखाद्या हॅमकडून एसडब्ल्यूआर मीटर आणून तपासा, म्हणजे अँटेनाकडून किती ताकद परत येते ते कळतं, आकडा दोनच्या खाली असेल तर निवांत वापरा. केबल गरजेपेक्षा लांब ठेवू नका, आरजी-५८ ही पातळ केबल १० मीटरमध्येच या बँडवर तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास ताकद गिळते. विजेच्या तारांपासून लांब, पडली तरी तारेवर पडणार नाही इतक्या लांब. आणि ढग गडगडायला लागले की केबल सेटपासून काढून खिडकीबाहेर टाका, गच्चीवर तर जाऊच नका.

बॅटरी

ऐकताना सेट फार कमी खातो, बोलताना खूप. ५ वॅटवर बोलताना साधारण दीड अँपिअरच्या आसपास जातो आणि ऐकताना त्याच्या एक दशांशही नाही, म्हणून बॅटरी संपते ती बडबडीने. समोरचा नीट ऐकतोय तर लो पॉवरवर या, यूव्ही-५आरवर # बटण एकदा दाबलं की हाय-लो बदलतं. जास्तीची एक बॅटरी घ्याच. तिसरा मार्ग म्हणून साध्या पेन्सिल सेलची केस मिळते ती घ्या, कारण लाइट आठवडाभर आली नाही तरी गावातल्या किराणा दुकानात पेन्सिल सेल मिळतात. गाडीतून चार्ज करायची वायर हवी, आणि घरात यूपीएसमधली १२ व्होल्टची ७ अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर ती भरून ठेवा, हातातला सेट तिच्यावर कितीतरी दिवस चार्ज होत राहतो. लिथियमची बॅटरी वर्षभर पूर्ण भरून ठेवली तर लवकर खराब होते, निम्मी भरून ठेवा आणि हवामान खात्याने ऑरेंज किंवा रेड अलर्ट दिला की पूर्ण भरा.

सेटमध्ये काय लावून ठेवायचं

कॉम्प्युटरवरून चर्प सॉफ्टवेअरने चॅनेल भरणं सोपं पडतं. पण हाताने फ्रिक्वेन्सी टाकता आलीच पाहिजे कारण पुरात लॅपटॉप नसतो. व्हीएफओ/एमआर बटणाने फ्रिक्वेन्सी मोडला या, एक चार पाच पाच शून्य शून्य दाबा, १४५.५०० आली. आपल्याकडे एफएमवर थेट बोलायला ही फ्रिक्वेन्सी बरेच जण वापरतात, इथे हाक मारायची आणि समोरचा मिळाला की ठरलेल्या दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जायचं म्हणजे ही मोकळी राहते. रिपीटरसाठी दोन मीटर बँडवर, म्हणजे १४४ ते १४६ वर, बहुतेक ठिकाणी ६०० किलोहर्ट्झचा मायनस शिफ्ट असतो, म्हणजे ऐकायच्या फ्रिक्वेन्सीपेक्षा तेवढं खाली बोलायचं, यूव्ही-५आरमध्ये मेनू २५ ला शिफ्टची दिशा, २६ ला ऑफसेट म्हणजे तो फरक, १३ ला पाठवायचा टोन. मेनू ११, म्हणजे ऐकायचा टोन, बंदच ठेवा. तो चालू असला तर ज्याच्याकडे टोन लावलेला नाही त्याची हाक तुम्हाला ऐकूच येणार नाही, आणि आपत्तीत नेमका असाच माणूस हाक मारत असतो. ड्युअल वॉच, म्हणजे एकाच वेळी दोन चॅनेल ऐकणं, मेनू ७, तोही बंद ठेवा नाहीतर नवीन माणूस भलत्याच चॅनेलवर उत्तर देत बसतो. अगदी क्षीण आवाज येत असेल तर बाजूचं मॉनिटर बटण दाबून धरा, स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबून ठेवणारी सोय, उघडतो, खरखर येते पण त्या खरखरीतून शब्द कळतात. सगळं झालं की # दाबून धरून कीपॅड लॉक करा, पिशवीत बटणं दाबली जातात.

हे सगळं एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहा, लॅमिनेट करा, सेटला दोरीने बांधा. पाच-सहा चॅनेल, त्यांच्या फ्रिक्वेन्सी, टोन, माणसांची नावं आणि कॉलसाइन. घाबरल्यावर पाठ केलेलं आठवत नाही.

माणसं आणि वेळा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. बसून ठरवा की मोबाइल गेले तर कोण कोणाशी बोलणार. माझं म्हणणं असं की दर तासाच्या ठोक्याला पहिली पाच मिनिटं ऐकायचं, बाकी वेळ सेट बंद. दिवसभर सेट चालू ठेवून बॅटरी संपवण्यापेक्षा सगळ्यांनी एकाच वेळी ऐकणं हजार पटीने बरं. मनगटावरचं साधं घड्याळ हवं, मोबाइल बंद पडला की वेळ कळायचा मार्गच उरत नाही. पहिला चॅनेल रिपीटर, तिथे कोणी नाही तर दुसरी थेट फ्रिक्वेन्सी, तिथेही नाही तर यूएचएफची तिसरी, हा क्रम सगळ्यांच्या कागदावर सारखाच असला पाहिजे. परगावी राहणारा एखादा हॅम किंवा नातेवाईक ठरवून ठेवा ज्याच्याकडे सगळ्यांची खबर जमा होईल, कारण पुराबाहेरच्या गावात फोन चालू असतो आणि चिपळूणमधून थेट ठाण्याला लागला नाही तरी घाटावरच्या हॅमपर्यंत निरोप गेला की तिथून साधा फोन करता येतो.

जिल्हाधिकारी कार्यालयात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष असतो, तिथे क्लबमार्फत आधीच जाऊन ओळख करून घ्या, आपण किती जण आहोत, कुठे आहोत, कोणाकडे काय आहे याची यादी देऊन ठेवा. पूर आल्यावर हातात रेडिओ घेऊन अचानक हजर झालेल्या माणसावर कोणी विश्वास ठेवत नाही आणि त्यात त्यांची चूक नाही. बंगालमधले हॅम गंगासागर मेळ्यात हरवलेली माणसं घरी पोचवायचं काम वर्षानुवर्षं करतात, तिथे प्रशासन त्यांना ओळखतं ते या सततच्या कामामुळे. आपल्याकडेही सायकल रॅली, मॅरेथॉन, ट्रेक असं काही असलं की सेट घेऊन उभे राहा, सरावाला यापेक्षा चांगली जागा नाही. शिवाय स्थानिक हॅमचं ठरलेल्या वेळी नेट, म्हणजे रेडिओवरची बैठक, भरतं, त्यात हजेरी लावा, नुसता कॉलसाइन आणि "आवाज कसा येतोय" इतकं बोललात तरी तुमच्या घरातून कुठवर पोचतं ते दर आठवड्याला कळतं.

बोलायचं कसं

बटण दाबा, एक सेकंद थांबा, मग बोला. लगेच बोललात की पहिला शब्द कापला जातो आणि तो पहिला शब्द नेमका नाव असतो. सेट तोंडापासून चार बोटं लांब, आवाज नेहमीचा. ओरडलं की आवाज फाटतो, उलट कमी कळतं. बोलायच्या आधी ऐका, कोणी तातडीचं बोलत असेल तर गप्प बसा. तातडीचा निरोप तुमच्याकडेच असेल तर दोन वाक्यांच्या मधल्या फटीत "ब्रेक, इमर्जन्सी" म्हणून कॉलसाइन सांगा, सगळे थांबतात.

निरोप आधी कागदावर लिहा, मग वाचून दाखवा. कुठे, काय झालंय, किती माणसं, काय हवंय, कोण सांगतंय, किती वाजता. असं काहीसं होतं बघा, कॉलसाइनच्या जागी मी अमुक-तमुक लिहितोय:

"तमुक, तमुक, इथे अमुक. तातडीचा निरोप आहे, लिहून घ्या, ओव्हर."
"अमुक, इथे तमुक. कागद आहे, सांगा, ओव्हर."
"वेळ सहा चाळीस सकाळ. जागा, मराठी शाळा, नदीकडची वाडी. पहिल्या मजल्यावर माणसं दोन तीन, पुन्हा सांगतो, दोन आणि तीन, तेवीस. त्यात एक बाई गरोदर, नववा महिना. पाणी तळमजल्याच्या खिडकीला, वाढतंय. बोट हवी. निरोप शाळेच्या मुख्याध्यापकांचा. ओव्हर."
"वाचून दाखवतो. सहा चाळीस सकाळ, मराठी शाळा, नदीकडची वाडी, पहिला मजला, दोन तीन, तेवीस माणसं, एक गरोदर नववा महिना, पाणी तळमजल्याच्या खिडकीला आणि वाढतंय, बोट हवी, निरोप मुख्याध्यापकांचा. बरोबर का, ओव्हर."
"बरोबर. सात वाजता याच चॅनेलवर ऐकतो. अमुक, आउट."

आकडे सुटे सुटे सांगायचे कारण खरखरीत सात आणि साठ सारखेच ऐकू येतात, एकोणसाठ आणि एकोणसत्तरचा तर घोळ होणारच. म्हणून "पाच नऊ, एकोणसाठ". वाचून दाखवणं कधीही गाळू नका, घाईत तर मुळीच नाही. आणि खात्रीचंच सांगा. "तिकडे पूल वाहून गेला म्हणे" हे रेडिओवर बोललात की दहा मिनिटांत ती बातमी होते. स्वतः पाहिलं असेल तर "मी पाहिलं", दुसऱ्याने सांगितलं असेल तर कोणी ते नाव घेऊन. जखमी किंवा मृत माणसाचं नाव उघड्या चॅनेलवर घेऊ नका, घरचे ऐकत असू शकतात.

इंग्रजी स्पेलिंग सांगायची वेळ आली तर आल्फा, ब्राव्हो, चार्ली ही अक्षरं पाठ असू द्या. क्यू कोडची, म्हणजे हॅमच्या तीन अक्षरी सांकेतिक शब्दांची, हौस भागवायला एरवी वेळ असतो, आपत्तीत साधं मराठी बोला, शेजारी उभा असलेला तलाठी, फौजदार, नर्स यांनाही ऐकून कळलं पाहिजे.

मोबाइलला एक जरी कांडी असेल तर आधी ११२ लावून बघा, कॉल लागत नसेल तर एसएमएस टाका, तो बऱ्याचदा कॉल लागत नसतानाही जातो. रेडिओ हा त्याच्या जोडीला आहे.

पावसात सेट

स्वस्त सेट पाण्यात गेला की गेला. जाड झिपची पिशवी घ्या, सेट अँटेनासकट आत टाका, हवा काढून बंद करा. प्लास्टिकमधून बोललेलंही नीट ऐकू जातं, बटणंही दाबता येतात, सिग्नलला काही फरक पडत नाही, फक्त स्पीकर आणि माइकच्या जागी प्लास्टिक चिकटून राहू देऊ नका, थोडं सैल ठेवा. हे आजच घरात करून बघा, एक सेट पिशवीत घालून बेसिनच्या नळाखाली धरा आणि दुसऱ्या खोलीतल्याला विचारा कळतंय का. पिशवीत सिलिका जेलची एक पुडी टाका, आतल्या घामानेही ओल धरते. सेटला दोरी आणि दोरी गळ्यात, हातात असलेला सेट बोटीत चढताना पडतोच. कागद भिजतो म्हणून बॉलपेनऐवजी शिसपेन्सिल, तिचं लिहिलेलं ओल्या कागदावरही राहतं.

पाणी ओसरल्यावर लगेच सगळं पेटीत टाकू नका. सेट उघडा ठेवून पंख्याखाली वाळवा, बॅटरीचे पितळी ठिपके खोडरबराने घासा, अँटेनाच्या जोडात चिखल गेलाय का बघा. निरोपांची वही जपून ठेवा, किती वाजता काय सांगितलं हे नंतर प्रशासन विचारतं. मग सगळ्यांनी एकत्र बसून कुठल्या घरातून आवाज पोचला नाही, कोणाची बॅटरी कधी संपली, कोणता चॅनेल कोणाच्या कागदावर चुकला होता ते लिहून काढा आणि नवीन कागद लॅमिनेट करून प्रत्येकाच्या सेटला बांधा.